बसचं इंजिन, रेल्वेचा डबा: ब्रिटनच्या पहिल्या पिढीतल्या डिझेल प्रवासी गाड्या

सांधेवाला

ब्रिटिश रेल्वेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा वाफेच्या इंजिनांपाशी रमते आणि तिथून थेट १९७६ च्या एचएसटीवर, म्हणजे 'हाय स्पीड ट्रेन' या जलद डिझेल गाडीवर उडी मारते. मधल्या काळात दोन-दोन, तीन-तीन डब्यांच्या हिरव्या डिझेल गाड्यांनी गावोगावच्या माणसांना रोज कामावर, शाळेत, बाजाराला नेलं. त्यांच्याबद्दल मराठीत कुठे काही वाचलेलं आठवत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात महायुद्धाच्या आधीची आहे. १९३३ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेने लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात आपली पहिली डिझेल रेलकार मांडली. इंजिन एईसी कंपनीचं, १३० अश्वशक्तीचं. ही एईसी म्हणजे लंडनच्या बसगाड्या बनवणारी साउथॉलची कंपनी, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. डब्याचा आकार गोलसर, वारा कापत जाणारा, त्यामुळे लोकांनी नाव ठेवलं 'फ्लाइंग बनाना'. १९३४ च्या जुलैत दोन इंजिनांच्या रेलकार बर्मिंगहॅम-कार्डिफ मार्गावर जलद सेवेला लागल्या, आत खाण्यापिण्याची सोयसुद्धा होती. सेवा इतकी लोकप्रिय झाली की एका डब्यात माणसं मावेनात, आणि मागे दुसरा डबा जोडायची सोयच केलेली नव्हती! ती सुधारणा पुढे १९३७ च्या १८ नंबरच्या गाडीत झाली. १९४२ पर्यंत अशा एकूण ३८ रेलकार झाल्या आणि शेवटच्या काही १९६२ पर्यंत चालल्या.

बाकीच्या कंपन्यांनीही हात मारून पाहिला. एलएमएस या दुसऱ्या मोठ्या रेल्वे कंपनीने १९३८ मध्ये तीन डब्यांची एक जोडगाडी बांधली, न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने त्याआधी डिझेल-इलेक्ट्रिक रेलकार काढल्या होत्या. युद्ध आलं आणि सगळं तिथेच राहिलं.

१९४८ ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी नवी ब्रिटिश रेल्वे वाफेचीच इंजिनं बांधत बसली होती. कोळसा घरचा, तेल बाहेरचं, हा हिशेब त्यामागे होता. पण शाखा मार्गांवर तोटा वाढत होता. एका छोट्या गाडीला एक वाफेचं इंजिन, त्यावर ड्रायव्हर आणि फायरमन, पहाटे उठून आग पेटवायची, शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला नेऊन लावायचं. डिझेल गाडीत ड्रायव्हर फक्त एका केबिनमधून उतरून दुसऱ्या केबिनमध्ये जातो, पाच मिनिटांत गाडी परत निघायला तयार.

१९५४ च्या जूनमध्ये डर्बीच्या कारखान्यातल्या ॲल्युमिनियमच्या हलक्या गाड्या यॉर्कशरमध्ये लीड्स-ब्रॅडफर्ड भागात धावू लागल्या. डब्याच्या मजल्याखाली आडवी बसवलेली लेलँडची १२५ अश्वशक्तीची दोन-दोन इंजिनं. मोठ्या खिडक्या, स्वच्छ डबे, ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्या. लोक परत रेल्वेकडे वळले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५५ मध्ये, १२४ कोटी पौंडांची आधुनिकीकरण योजना जाहीर झाली आणि मग ऑर्डरींचा पूर आला. डर्बी आणि स्विंडनचे रेल्वेचे स्वतःचे कारखाने पुरेनात, म्हणून मेट्रो-कॅमेल, ग्लॉस्टर, क्रेव्हन्स, पार्क रॉयल, स्मेदिकची बीआरसीडब्ल्यू, विकहॅम, प्रेस्ड स्टील अशा जवळजवळ प्रत्येक डबेवाल्याला काम मिळालं.

इथे माझं मत मांडतो, पटलं नाही तर भांडा. या गाड्यांना 'रुळावरची बस' म्हणून हिणवलं गेलं, पण त्यांच्यात बसचं होतं ते फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स. डबा, सांगाडा, डब्याखाली वळणावर स्वतंत्र वळणाऱ्या चार-चार चाकांच्या ट्रॉली हे सगळं रीतसर रेल्वेचं. काटकसर जिथे करायला हवी तिथे केली. तीस वर्षांनी पेसर नावाच्या स्वस्त डिझेल गाड्या बांधताना याच्या बरोबर उलटं केलं: बसची बॉडी घेतली आणि ट्रॉली काढून टाकल्या. म्हणून पहिल्या पिढीची गाडी पन्नास वर्षं चालली आणि पेसर थट्टेचा विषय झाली.

---

खिडकीची_जागा

मस्त विषय. एक भाबडा प्रश्न: दोन डबे जोडले तर चार इंजिनं झाली. मग गिअर कोण बदलतं? ड्रायव्हर एक आणि गिअरबॉक्स चार?

---

सांधेवाला

भाबडा नाही, यातला सगळ्यात गमतीचा भाग हाच आहे.

गिअरबॉक्स विल्सन पद्धतीचे, चार गिअरचे. लंडनच्या बसमध्येही हेच तंत्र होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलावर चालणारं फ्लायव्हील, त्यामुळे गाडी गिअरमध्ये टाकून उभी ठेवली तरी इंजिन बंद पडत नाही. ड्रायव्हरच्या हाताशी थ्रॉटल आणि गिअरचा दांडा. दांडा हलवला की तारांमधून आणि हवेच्या दाबातून हुकूम गाडीतल्या सगळ्या गिअरबॉक्सना एकदम जातो. ड्रायव्हर थ्रॉटल पूर्ण मिटतो, दांडा पुढच्या गिअरला नेतो, इंजिनांचा वेग खाली येईपर्यंत थांबतो आणि मग परत थ्रॉटल उघडतो. ठोकताळा असा की ताशी १५ मैलांना दुसरा, २७ ला तिसरा, ४१ ला चौथा. कमाल वेग ७० मैल.

प्रत्येक इंजिन आपापला एकच आस फिरवतं, मध्ये एक लांब कार्डन शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा फिरता दांडा. एखादं इंजिन वाटेत रुसलं तर ते बंद करून बाकीच्यांवर गाडी घरी आणायची. हे रोज होत असे आणि प्रवाशाला बहुधा कळतही नसे, फक्त चढावर गाडी जरा रेंगाळायची.

---

टायमिंगचेन

सांधेवाल्यांनी फार गोड चित्र रंगवलंय. थोडं मीठ टाकतो.

इतक्या कारखान्यांकडून एकदम गाड्या घेतल्यावर व्हायचं तेच झालं. सगळ्या गाड्या एकमेकींना जोडता येत नव्हत्या! कंट्रोलची तारजोडणी वेगवेगळी. म्हणून गाडीच्या टोकाला रंगीत खुणा रंगवाव्या लागल्या: निळा चौकोन, पिवळा हिरा, लाल त्रिकोण, पांढरा गोल, नारिंगी तारा. सारखी खूण असेल तरच जोडायचं. नशिबाने बहुसंख्य गाड्या निळ्या चौकोनाच्या झाल्या, नाहीतर डेपोवाल्यांचं रोजचं काम म्हणजे पत्त्यांचा डाव.

डर्बीच्या अगदी पहिल्या गाड्यांत तर गिअरबॉक्सऐवजी टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोचवणारं यंत्र) होता, पुढच्याच तुकडीत तो सोडून विल्सन गिअरबॉक्स घेतला. आणि बेडफर्ड-सेंट पँक्रस मार्गाच्या गाड्यांत रोल्स-रॉइसची जास्त ताकदीची इंजिनं आणि हायड्रॉलिक ट्रान्समिशन बसवलं, त्यांना आगी लागण्याचा त्रास होता. म्हणजे 'काटकसर योग्य जागी केली' हे खरं असलं तरी घाईही तेवढीच केली. दोन वर्षं थांबून एकच नमुना ठरवला असता तर?

---

सांधेवाला

घाई होतीच, नाकारत नाही. पण दोन वर्षं थांबायला वेळ कुणाकडे होता? रस्त्यावर मोटारी वाढत होत्या आणि ऑर्डर सगळ्या कारखान्यांत वाटावी असा राजकीय दबावही असणारच. रोल्स-रॉइसबद्दल एक भर: त्यांचीच १८० अश्वशक्तीची इंजिनं कॅल्डर व्हॅलीच्या गाड्यांत होती, कारण पेनाइन डोंगर ओलांडायला पुढच्या गाड्यांतली १५० अश्वशक्तीची इंजिनं कमी पडायची. तिथे साधाच गिअरबॉक्स होता.

---

वाफेचा_भक्त

वाचतोय. पण कितीही सांगा, वाफेच्या इंजिनाची सर नाही. डिझेलचा वास आणि खिडकीची थरथर, यात रमण्यासारखं काय आहे?

---

मिडलंडकर

भक्तसाहेब, एक गोष्ट वाफेच्या गाडीत कधीच मिळाली नसती. या गाड्यांत ड्रायव्हरच्या मागे नुसती काचेची भिंत असते. पहिल्या बाकावर जागा मिळाली की पुढचा रूळ, सिग्नल, बोगदा, सगळं ड्रायव्हरच्या खांद्यावरून दिसतं. रात्री काचेत उजेड पडतो म्हणून ड्रायव्हर पडदा ओढून घ्यायचा, तेव्हा पोरांचा विरस व्हायचा. ब्रिटनमधल्या साठ-सत्तरीच्या कुठल्याही रेल्वेवेड्याला विचारा, पहिली आठवण हीच सांगेल.

मी स्वतः एल्सबरी ते प्रिन्सेस रिझबरोच्या छोट्या फाट्यावर एका डब्याची 'बबल कार' पकडली आहे. प्रेस्ड स्टीलने १९६० मध्ये बांधलेला डबा, दोन्ही टोकांना केबिन, आणि तो नेहमीच्या वेळापत्रकात मे २०१७ पर्यंत धावत होता. आजूबाजूला चकचकीत नव्या गाड्या आणि मध्ये हा आजोबा. डब्यातले निम्मे लोक ऑफिसला निघालेले, निम्मे कॅमेरे घेऊन आलेले. ऑफिसवाल्यांच्या चेहऱ्यावर 'यांना काय कामधंदा नाही' हा भाव अगदी आपल्यासारखाच.

---

कोपऱ्यावरचा_चहा

+१, पहिला बाक म्हणजे आपल्या लोकलच्या दारातली जागा.

अवांतर: 'थम्पर' म्हणतात त्या याच का?

---

मिडलंडकर

नाही, त्या चुलतबहिणी. दक्षिण इंग्लंडच्या सदर्न रीजनने आपली वेगळी चूल मांडली. त्यांच्याकडे विजेवरच्या लोकल आधीपासून होत्या, त्यामुळे त्यांनी डिझेल गाडीही विजेच्या लोकलसारखीच बांधली: डब्यातच केबिनमागे इंग्लिश इलेक्ट्रिकचं चार सिलिंडरचं ५०० अश्वशक्तीचं मोठं इंजिन, त्यावर जनरेटर, आणि चाकांवर विजेच्या मोटर. हे इंजिन संथ फिरायचं आणि धप-धप-धप आवाज करायचं, म्हणून थम्पर. गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची.

हेस्टिंग्जच्या थम्परची कथा तर ऐकाच. दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावाला जाणारा हा मार्ग १८५० च्या दशकात झाला. कंत्राटदारांनी बोगद्यांत विटांचे थर ठरल्यापेक्षा कमी लावले आणि पैसे पूर्ण घेतले. १८५५ मध्ये माउंटफील्डच्या बोगद्यातलं बांधकाम ढासळलं तेव्हा भानगड उघडी पडली. उपाय म्हणून आतून आणखी थर चढवले आणि बोगदे अरुंद झाले. तेव्हापासून त्या मार्गासाठी डबे खास अरुंद बांधावे लागत. १९५७ साली आलेल्या डिझेल गाड्याही तशाच, सपाट बाजूंच्या, जणू इस्त्री फिरवलेल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या कंत्राटदाराची चोरी प्रवासी खांदे आखडून भरत होते! १९८६ मध्ये विद्युतीकरण करताना त्या बोगद्यांमधून दोनऐवजी एकच रूळमार्ग मधोमध टाकला, आणि मग नेहमीच्या रुंदीच्या गाड्या जाऊ लागल्या.

आणखी एक नमुना: १९६४ मध्ये हेस्टिंग्जचे दोन अरुंद डबे आणि विजेच्या लोकलचा एक रुंद डबा जोडून रेडिंग-टनब्रिज मार्गासाठी गाड्या केल्या. एका टोकाला रुंद, मागे निमुळती. लोकांनी नाव ठेवलं 'टॅडपोल', बेडकाचं पिल्लू.

---

गोदातीर

म्हणजे कंत्राटदार सगळीकडे सारखेच. 😀

या थम्परचं वर्णन वाचून आपली डेमू आठवली. पुणे-दौंडला काही वर्षं होती ना? तिच्यातही केबिनमागे इंजिनाची खोली असते.

---

सांधेवाला

हो, तत्त्व तेच. आपली डेमू थम्परच्या घराण्यातली: डिझेल, जनरेटर, मोटर. डर्बी किंवा मेट्रो-कॅमेलच्या गिअरवाल्या गाड्यांशी तिचं नातं दूरचं. मजल्याखाली इंजिन बसवलं की पूर्ण डबा प्रवाशांना मिळतो, हा गिअरवाल्यांचा मोठा फायदा. डेमूत किंवा थम्परमध्ये इंजिनासाठी प्रवाशांची जागा जाते, पण देखभाल करणाऱ्याला उभं राहून काम करता येतं. मजल्याखालच्या इंजिनाला हात लावायचा तर खड्ड्यात उतरा.

आणि अशोक लेलँडमधलं 'लेलँड' म्हणजे हीच लँकेशरची कंपनी. अशोक मोटर्सचं अशोक लेलँड झालं १९५५ साली, ब्रिटनच्या आधुनिकीकरण योजनेच्याच वर्षी. आपल्या एसटीच्या आणि त्यांच्या हिरव्या गाड्यांच्या इंजिनांचं कूळ एकच निघतं.

---

टायमिंगचेन

आता पेसरवर येऊ. सांधेवाले, तुमचं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण अर्धंच आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी पहिल्या पिढीच्या गाड्या थकल्या होत्या, नव्या घ्यायला पैसे नव्हते. शाखा मार्ग बंद करा असं म्हणणारे टपून बसले होते. अशा वेळी लेलँड नॅशनल बसचे तयार भाग वापरून, मालडब्यासारख्या दोन आसांच्या सांगाड्यावर स्वस्तात गाडी होते असं कुणी दाखवलं तर काय करणार? १९७८ चा प्रयोगाचा डबा, मग १४० ते १४४ या मालिका. एकट्या १४२ च्या ९६ गाड्या झाल्या. पेसर नसत्या तर उत्तर इंग्लंडमधले कितीतरी मार्ग उखडले गेले असते. हिणवणारे लोक त्याच पेसरमधून तीस वर्षं ऑफिसला गेले.

---

सांधेवाला

मार्ग वाचले हे मान्य, पण श्रेय बसच्या बॉडीला देऊ नका. वीस वर्षांसाठी म्हणून बांधलेल्या गाड्या २०२०-२१ पर्यंत ताणल्या, कारण वर कुणी पैसे सोडले नाहीत. शेवटी अपंग प्रवाशांसाठीच्या सोयींच्या नियमांनी त्यांना बाहेर काढलं.

आणि कॉर्नवॉलचं काय? १९८५ च्या सुमारास १४२ मालिकेच्या गाड्या 'स्किपर' नाव देऊन, चॉकलेटी-क्रीम रंग देऊन तिकडे पाठवल्या. तिथले फाटे म्हणजे नुसती वळणं. ट्रॉली नाही, दोन आसांमधलं अंतर लांब, त्यामुळे वळणावर चाकं रुळाला घासून किंचाळायची आणि झपाट्याने झिजायची. दोन-तीन वर्षांत त्यांना उत्तरेला पाठवून दिलं आणि त्यांच्या जागी कोण परत आलं? पन्नाशीच्या दशकातल्या त्याच जुन्या गाड्या! नव्या गाडीची जागा जुनीने घ्यायची असा प्रसंग रेल्वेच्या इतिहासात विरळाच. माझा मुद्दा यापेक्षा चांगला मला मांडता येणार नाही.

तेव्हाच्याच स्प्रिंटर गाड्या पाहा. १९८४ पासूनची १५० मालिका. बांधा पूर्ण रेल्वेचा, ट्रॉली आहेत, मजल्याखाली इंजिन. त्या अजून धावताहेत.

---

टायमिंगचेन

कॉर्नवॉलचा मुद्दा बिनतोड आहे. तरी सरळ मार्गांवर पेसर चालल्या हेही तितकंच खरं. १४१ मालिकेतल्या काही तर पुढे इराणला गेल्या.

---

निवांत_नाका

मला यातल्या 'श्रीमंत' गाडीबद्दल ऐकायचंय. ब्लू पुलमन. ती याच पिढीतली ना?

---

मिडलंडकर

काळ तोच, पण गोत्र वेगळं. मेट्रो-कॅमेलने बांधलेल्या पाच गाड्या: सहा डब्यांच्या दोन मँचेस्टर-लंडनसाठी, आठ डब्यांच्या तीन पश्चिमेकडच्या मार्गांसाठी. दोन्ही टोकांना हजार अश्वशक्तीचं इंजिन, ताशी ९० मैल, वातानुकूलन, दुहेरी काचा, जागेवर जेवण. जुलै १९६० पासून सेवा. व्यापारी मंडळींनी सकाळी नाश्ता करत लंडनला जावं आणि रात्री जेवत परत यावं अशी कल्पना.

सगळं छान, फक्त ट्रॉली स्विस नमुन्याच्या आणि त्या ब्रिटिश रुळांना मानवल्या नाहीत. गाडी इतकी हादरायची की कपातली कॉफी बशीत. पहिल्या वर्गापेक्षा जादा भाडं देऊन हे सहन कोण करणार! १९७३ मध्ये त्या बंद झाल्या आणि पाचही भंगारात गेल्या, एक डबासुद्धा राखला नाही. पण दोन टोकांना इंजिन आणि मध्ये प्रवासी डबे ही मांडणी एचएसटीत पुन्हा दिसली आणि तिथे ती गाजली.

---

खिडकीची_जागा

भंगार म्हटल्यावर विचारते: इतक्या हजारो डब्यांतले वाचले किती? आता कुठे बसायला मिळतं का?

---

सांधेवाला

पहिल्या पिढीतले बरेच वाचलेत, कारण स्वयंसेवकांच्या छोट्या रेल्वेंना ते परवडतात. गर्दी नसलेल्या दिवशी वाफेचं इंजिन पेटवण्यापेक्षा दोन डब्यांची डिझेल गाडी काढणं सोपं. (भक्तसाहेब, तुमच्या वाफेचा खर्चही काही प्रमाणात याच गाड्या भागवतात.) प्रवासी सेवेतली शेवटची मेट्रो-कॅमेल गाडी, म्हणजे १०१ मालिका, मँचेस्टरला २००३ च्या डिसेंबरात थांबली.

वाईट गेली ती डर्बीची ॲल्युमिनियमची पहिली पिढी, तिचे मोजकेच डबे उरले. शिवाय अनेक जुन्या डब्यांत उष्णता आणि आवाज अडवायला ॲसबेस्टॉस भरलेलं होतं. ते काढायचं तर खर्च इतका की थेट भंगारात देणं स्वस्त पडायचं.

वाचलेल्यांपैकी एक डबा मला फार आवडतो: ७९९०० नंबरचा, डर्बीचा, एकटाच. १९५६ मध्ये बॅनबरी-बकिंगहॅम फाट्यावर प्रयोग म्हणून लावला. तिथे वाफेच्या गाडीत डोकी मोजून घ्यावी लागायची. डिझेल आल्यावर, वाटेत दोन नवे छोटे थांबे काढल्यावर, प्रवासी कित्येक पटींनी वाढले. तरी तोटा राहिलाच आणि १९६० च्या अखेरीला ती प्रवासी सेवा बंद पडली. तोट्यातले मार्ग बंद करा सांगणारा बीचिंगचा अहवाल यायच्या दोन वर्षं आधी! म्हणजे स्वस्त गाडी आणली की फाटा वाचतो हे समीकरण तेव्हाही पूर्ण खरं नव्हतं. सिग्नल, फाटकं, स्टेशनवरची माणसं हा खर्च गाडी बदलून कमी होत नाही.

डबा मात्र वाचला. रेल्वेच्या संशोधन विभागाने त्याची 'आयरिस' नावाची प्रयोगशाळा केली, आणि आता तो डर्बीजवळच्या एक्लस्बर्न व्हॅली रेल्वेवर आहे.

---

वाफेचा_भक्त

टोमणा पोचला. 😀 एक्लस्बर्न म्हणजे वर्क्सवर्थची ना? पुढच्या वर्षी लेकीकडे लेस्टरला चाललोय. तिथून दिवसात जाऊन येण्यासारखं आहे का?

---

मिडलंडकर

काका, आरामात. लेस्टरहून डर्बी, तिथून मॅटलॉककडे जाणाऱ्या गाडीने डफील्ड. तिथे मुख्य लाईनच्या फलाटाला लागूनच त्यांचा फलाट आहे. मात्र त्यांच्या गाड्या रोज नसतात, दिवस आधी बघून ठेवा, आणि त्या दिवशी वाफ आहे की डिझेल तेही बघा. लेकीला सांगा लवकर निघायला, पहिला बाक पोरं पटकावतात.